खर्च तुमचा, वर दहा टक्के

१

गेल्या वर्षी सांगलीतल्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती काढायची ठरली आणि माळा रिकामा करावा लागला. तिथल्या पत्र्याच्या पेटीत लाल कापडी बांधणीची एक लांबट वही निघाली. याच घराची मागची बाजू १९८१ च्या उन्हाळ्यात दुरुस्त केली होती, त्या कामाचा तो हिशेब. अक्षर आमच्या मिस्त्रीकाकांचे. वीट, वाळू, चुना, खिळे, सुताराचा रोज, बिगाऱ्यांची हजेरी. तारीखवार ओळी आणि दर शनिवारी खाली बेरीज. बेरजेखाली प्रत्येक वेळी तीच ओळ : ‘वर १० टक्के’.

वही मी लगेच ओळखली, कारण तिच्यावरून झालेला प्रसंग मी पाहिला होता. तेव्हा मी कॉलेजात होतो. मिस्त्रीकाकांचा आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, वीस वर्षांचा घरोबा होता. करार तोंडी होता : ‘खर्च तुमचा, वर दहा टक्के माझे.’ भिंत उघडली तेव्हा तुळईला वाळवी लागलेली निघाली आणि काम वाढले. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. परमिटची पोती संपली, काम अर्धवट राहिले, पाऊस तोंडावर आला. मिस्त्रीकाकांनी बाहेरून बावीस पोती आणली. बाहेरून म्हणजे काळ्या बाजारातून. भाव परमिटच्या दुपटीहून जास्त, आणि पावती अर्थातच नाही. त्या शनिवारी अण्णांनी वही वाचली आणि एवढेच म्हणाले, ‘मिस्त्री, खर्च वाढला की तुमचेही वाढतात.’ मिस्त्रीकाकांनी उत्तर दिले नाही. काम त्यांनी पुरे केले, पैसे घेतले, वही अण्णांच्या हातात ठेवली. त्यानंतर ते आमच्या ओसरीवर कधी चहाला बसले नाहीत.

अण्णा आज नाहीत, मिस्त्रीकाकाही नाहीत. वही पुन्हा वाचताना वाटले, की अण्णांचे वाक्य खोटे नव्हते. खर्च वाढला की दहा टक्के वाढतातच. पण ते ऐकून एखादा सरळ माणूस दुखावला जावा, हेही स्वाभाविक होते. दोघेही खोटे नसताना संबंध तुटला, तर दोष कुठे होता? या प्रश्नाने मी त्या ‘वर’च्या टक्क्याचा इतिहास शोधू लागलो. शोध मला मुख्यतः अमेरिकेत घेऊन गेला. या पद्धतीवरून वाद, चौकशा आणि कायदे तिथे जितके झाले, तितके अन्यत्र झालेले माझ्या वाचनात नाहीत. आणि तिच्यावर तुटून पडलेला एक माणूस पुढे स्वतःच एका जुन्या घराच्या दुरुस्तीत सापडला, ही गोष्टही तिथलीच.

२

बांधकामाचे पैसे देण्याच्या पद्धती मुळात तीन : रोजावर, मापावर आणि उक्ते. रोजावर म्हणजे माणसांची हजेरी मोजायची. मापावर म्हणजे झालेले काम ब्रासमध्ये किंवा चौरस फुटात मोजायचे. उक्ते म्हणजे एक रक्कम ठरवून सगळे काम अंगावर द्यायचे. आपल्या भाषेत या तिन्हींना स्वतंत्र शब्द आहेत, यावरूनच त्या किती जुन्या असतील ते दिसते.

लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने याच तीन पद्धती १६८१ मध्ये एका पत्रात मांडल्या आहेत. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजच्या अर्धवट राहिलेल्या दरवाजावर मनोरा चढवायचा होता, आणि रेनने तिथल्या बिशप जॉन फेल यांना सल्ला दिला. त्याचा आशय असा : रोजावर दिले तर माणसे कधी आळस करतात ते कळते. मापावर दिले तर प्रत्येक बाबीवर उजेड पडतो. उक्ते दिले तर पक्का सौदा करता येतो. मात्र रोजच्या सवयीचे नसलेले काम उक्ते घेतले की कारागीर पुष्कळदा स्वतःचेच नुकसान करून घेतात, आणि ते ध्यानात आले की नुकसान भरून काढायला काम उरकून टाकू लागतात. म्हणून या कामासाठी त्याने मापाची शिफारस केली.

रेनचे हे शेवटचे निरीक्षण घरदुरुस्तीला नेमके लागू पडते. मोकळ्या जागेवर नवे घर बांधायचे तर विटा मोजता येतात. जुन्या घराच्या भिंतीत काय आहे हे मात्र ती उघडल्याशिवाय कळत नाही. तुळई कुजलेली असेल, पाया खचला असेल, नळ गंजले असतील. अशा कामाची उक्ती रक्कम सांगायची तर कंत्राटदारापुढे दोनच वाटा उरतात. न दिसणाऱ्या धोक्याची किंमत आधीच चढवून ठेवायची, म्हणजे धोका निघाला नाही तरी मालकाने ती भरायची. किंवा कमी रक्कम सांगून काम मिळवायचे आणि नुकसान दिसू लागले की हात आखडायचा. मापावर काम द्यायचे तर माप कशाचे घ्यायचे हे तरी आधी ठाऊक हवे.

म्हणून चौथी पद्धत आली. इंग्रजीत तिला ‘कॉस्ट-प्लस’ म्हणतात. जो खर्च होईल तो मालकाने द्यायचा, आणि काम चालवण्याबद्दल कंत्राटदाराला वर मोबदला. भिंतीत काय निघेल याचा धोका इथे मालकाने उघडपणे स्वतःकडे घेतलेला असतो. कंत्राटदार आपली व्यवस्था, ओळखी आणि अनुभव विकतो. तत्त्व म्हणून यात काहीच वावगे नाही.

घोटाळा होतो तो ‘वर’ काय द्यायचे यात. समजा, कामाचा अंदाज १० लाखांचा आणि मोबदला १५ टक्के. कंत्राटदाराला दीड लाख मिळतील. खर्च १४ लाखांवर गेला तर त्याला २ लाख १० हजार मिळतात. उलट त्याने डोके चालवून तेच काम ८ लाखांत केले, तर हातात पडतात १ लाख २० हजार. म्हणजे मालकाचे दोन लाख वाचवल्याबद्दल त्याला तीस हजारांचा दंड! तो लबाड आहे असे मुळीच नाही. पण जो करार काटकसरीला दंड आणि उधळपट्टीला बक्षीस देतो, त्या करारात सरळ माणूस आणि लबाड माणूस बाहेरून सारखेच दिसू लागतात.

३

हे गणित सर्वांत मोठ्याने बोलून दाखवले ते एका गवंड्याने. फ्रँक गिल्ब्रेथ हा १८८५ मध्ये वीटकामाची उमेदवारी करू लागला आणि दहा वर्षांनी त्याने बोस्टनमध्ये स्वतःचा बांधकामाचा व्यवसाय काढला. पुढे हालचालींच्या अभ्यासासाठी तो जगभर ओळखला गेला. एक वीट बसवायला गवंडी अठरा हालचाली करतो, त्या पाचांवर आणता येतात, हे त्याने दाखवले. विटा आणि मसाला कमरेच्या उंचीला येईल अशी वरखाली करता येणारी परांची त्याने बनवली, म्हणजे प्रत्येक विटेसाठी वाकणे नको.

व्यवस्थापनाचा इतिहास सांगताना त्याच्या हालचालींबद्दल पुष्कळ लिहिले जाते, कराराबद्दल कमी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने आपल्या धंद्याची जाहिरात केली ती ‘खर्च अधिक ठराविक रक्कम’ या सूत्रावर. खर्च मालकाचा, त्याच्या वह्या मालकाला उघड्या, आणि माझा मोबदला मात्र सुरुवातीलाच ठरलेला एक आकडा. खर्च वाढला तरी तेवढाच, घटला तरी तेवढाच. असा करार झाला की कंत्राटदार मालकाच्या समोरचा न राहता त्याच्या बाजूचा होतो, असा त्याचा युक्तिवाद होता.

यात त्याचा स्वार्थही होता, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. अठराच्या पाच हालचाली करणारा माणूस टक्क्यावर काम करता, तर प्रत्येक वाचवलेल्या हालचालीसरशी त्याचीच कमाई घटली असती. ठराविक रकमेवर काम लवकर उरकले की तो पुढचे काम घ्यायला मोकळा. आपले कसब वाया जाऊ नये म्हणून त्याला वेगळा करार हवा होता.

४

गिल्ब्रेथची सूचना खासगी धंद्यातली होती. सरकारला तो धडा युद्धाने शिकवला. अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी पहिल्या महायुद्धात उतरली. सप्टेंबरमध्ये सक्तीच्या भरतीचे जवान दाखल होणार होते आणि त्यांना ठेवायला छपरे नव्हती. लाकडी इमारतींच्या सोळा प्रचंड छावण्या, प्रत्येक छावणी एखाद्या शहराएवढी, काही महिन्यांत उभ्या करायच्या होत्या. जागा निवडायच्या होत्या, नकाशे पुरे नव्हते, लाकडाचा भाव रोज बदलत होता. अशा कामाला उक्ती निविदा कोण भरणार? बांधकाम व्यवसायातले नामवंत विल्यम स्टारेट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तातडीचा करार तयार केला. तो ‘खर्च अधिक टक्के’ याच जातीचा होता, पण त्याला दोन लगाम होते. काम जितके मोठे तितका टक्का उतरत जाई, आणि कोणत्याही एका कामाचा मोबदला अडीच लाख डॉलरच्या वर जात नसे.

हा दुसरा लगाम महत्त्वाचा आहे. एकदा अडीच लाखांची मर्यादा गाठली की पुढचा प्रत्येक डॉलर खर्च करून कंत्राटदाराला काहीही मिळत नाही. टक्क्याचा करार आपोआप ठराविक रकमेचा होतो. छावण्यांची कामे इतकी मोठी होती, की मर्यादा लागू पडायला वेळ लागला नाही. कागदावर पाहता हा करार बराच शहाणा होता.

पण लोकांनी कागद पाहिला नाही, बांधकामे पाहिली. घाईत उचललेले अडाणी मजूर, उन्हात पडलेले लाकूड, दोन पाळ्यांचे आणि रविवारचे जादा रोज. महिना तीस डॉलरवर लढायला जाणाऱ्या शिपायाला त्याच छावणीत सुतार किती कमावतो हे दिसत होते. ‘कॉस्ट-प्लस’ ही शिवी झाली. युद्ध संपल्यावर प्रतिनिधिगृहातल्या विल्यम ग्रॅहम यांच्या समितीने या कामांवर कठोर ताशेरे ओढले. प्रकरण तिथेच थांबले नाही. युद्धकाळातले सहायक युद्धमंत्री बेनेडिक्ट क्रॉवेल आणि स्टारेट यांच्यासह त्या समितीतल्या लोकांवर सरकारची फसवणूक करण्याचा कट केल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुढे न्यायालयाने ते आरोप रद्द केले.

इथे मला आमची बावीस पोती आठवली. आरोप टिकले नाहीत, तरी ‘यांनी काहीच केले नाही’ असेही लोकांच्या मनात ठसले नाही. करारच असा होता, की निर्दोष माणसालाही स्वतःकडे दाखवायला पुरावा नसावा.

५

दुसरे महायुद्ध जवळ आले तेव्हा अमेरिकी काँग्रेसला ही आठवण होती. २ जुलै १९४० च्या कायद्याने संरक्षणकामांसाठी निविदेविना करार करायची मुभा दिली, पण त्याच कायद्यात ‘खर्च अधिक खर्चाचे टक्के’ या पद्धतीला स्पष्ट बंदी घातली. मोबदला ठराविक हवा, आणि तो आरंभीच्या अंदाजावरून आधीच ठरलेला हवा. वाढलेल्या खर्चाबरोबर तो वाढता कामा नये. गिल्ब्रेथचे सूत्र आता कायदा झाले होते.

तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. मिसुरी राज्यात फोर्ट लेनर्ड वुड ही छावणी उभी राहत होती, आणि तिथल्या उधळपट्टीच्या बातम्या त्या राज्याच्या सिनेटरकडे येऊ लागल्या. सिनेटरचे नाव हॅरी ट्रूमन. कंत्राटदार ही जमात ट्रूमनला नवी नव्हती. जॅक्सन काउंटीचा प्रशासक असताना १९२८ मध्ये मंजूर झालेल्या कर्जरोख्यांतून त्याने रस्ते बांधून घेतले होते, आणि राजकीय आश्रयदात्याच्या मर्जीतल्या कंत्राटदारांना झुकते माप द्यायला नकार दिला होता. तो स्वतः गाडी चालवत छावण्या पाहत फिरला. काम नसलेली माणसे आणि उघड्यावर भिजणारे सामान त्याने डोळ्यांनी पाहिले. १० फेब्रुवारी १९४१ रोजी त्याने सिनेटमध्ये भाषण केले, १ मार्चला चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष तोच. खर्चासाठी सुरुवातीला अवघे १५ हजार डॉलर मिळाले.

समितीने सर्वप्रथम छावण्यांचीच कामे तपासली. टक्के तर कायद्याने गेले होते. मग पैसा कुठे गळत होता? उत्तर हिशेबाच्या तपशिलात होते. नकाशे तयार होण्याआधी कामे सुरू झालेली होती. आणि एक मोठी गळती होती यंत्रांच्या भाड्याची. कंत्राटदार आपली किंवा इतरांची जुनी यंत्रे कामावर लावून त्यांचे भाडे ‘खर्च’ म्हणून दाखवत. काही वेळा भाडे यंत्राच्या किमतीकडे जाऊन पोचे. त्यावर उपाय म्हणून करारांत एक कलम घातले जाई : भाड्याची बेरीज यंत्राच्या मूल्याइतकी झाली की यंत्र सरकारच्या मालकीचे. पण कलम असणे वेगळे आणि त्यावर लक्ष ठेवणे वेगळे.

ट्रूमन समितीच्या कामातून जे निघाले ते मला या सगळ्या इतिहासाचे मर्म वाटते. मोबदला ठराविक केला की उधळपट्टीचे बक्षीस बंद होते. पण तेवढ्याने काटकसरीचे बक्षीस सुरू होत नाही. खर्च दुसऱ्याचा, आपली रक्कम ठरलेली, तर वाचवायची तसदी कोण घेणार? ‘वर काय’ याचे भांडण मिटले, की सगळा भार ‘खर्च म्हणजे काय’ या प्रश्नावर येऊन पडतो. तो प्रश्न कोणताही कायदा एकदाच सोडवू शकत नाही. त्यासाठी रोज कुणीतरी वही वाचावी लागते.

त्याच वर्षी ११ सप्टेंबरला वॉशिंग्टनजवळ पेंटागॉनच्या कामाची कुदळ पडली. करार ‘खर्च अधिक ठराविक मोबदला’ असाच होता. प्रमुख कंत्राटदार होते फिलाडेल्फियाचे जॉन मॅकशेन. अंदाज साडेतीन कोटी डॉलरचा होता. प्रत्यक्ष खर्च त्याच्या बराच पुढे गेला. मॅकशेन हे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण सात-आठ वर्षांनी ते ट्रूमनच्या घरी आले.

६

१९४५ मध्ये ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाला आणि एका जुन्या घरात राहायला गेला. व्हाइट हाउस इंग्रजांनी १८१४ मध्ये जाळले, तेव्हा बाहेरच्या भिंती उरल्या होत्या. त्यांच्याच आत ते पुन्हा उभारले गेले. पुढे प्रत्येक पिढीने त्यात काहीतरी बसवले. गॅसच्या नळ्या, पाण्याचे नळ, विजेच्या तारा. प्रत्येकासाठी भिंतींना आणि तुळयांना भोके पाडली गेली. १९२७ मध्ये वरचा मजला पोलाद आणि काँक्रीटचा केला, आणि त्याचे ओझे आतल्या जुन्या विटांच्या भिंतींवर आले.

१९४८ च्या उन्हाळ्यात ट्रूमनची मुलगी मार्गारेट हिच्या पियानोचा पाय जमिनीत घुसला आणि खालच्या भोजनगृहाच्या छताला तडा गेला. तपासणी झाली, आणि नोव्हेंबरमध्ये कुटुंबाला समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये हलवण्यात आले. भिंती उघडतील तसा धोका वाढत गेला. तीन पर्याय पुढे होते : पाडून नवे बांधायचे, बाहेरचे दगड उतरवून पुन्हा रचायचे, किंवा बाहेरच्या भिंती उभ्याच ठेवून आतले सगळे काढायचे. तिसरा पर्याय घेतला गेला. तो तांत्रिकदृष्ट्या अवघड होता. भिंतींना नवा पाया द्यायला खाली खोल काँक्रीटचे खांब घालावे लागले, आणि रिकाम्या कवचाच्या आत ६६० टन पोलादाचा सांगाडा उभा राहिला.

उधळपट्टी शोधत छावण्या पालथ्या घालणारा माणूस आता स्वतः भिंत उघडलेल्या घराचा मालक होता. निदान राहणारा तरी. काँग्रेसने रक्कम मंजूर केली ५४ लाख डॉलर. देखरेखीला सहा जणांचा आयोग नेमला : दोन सिनेटर, दोन प्रतिनिधी आणि राष्ट्राध्यक्षांनी निवडलेले दोन. हे दोघे होते एक वास्तुविशारद आणि एक स्थापत्य अभियंता. प्रमुख कंत्राटदार जॉन मॅकशेन. काम १९४९ च्या डिसेंबरात सुरू झाले, जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले, सामान आणि माणसे दोन्ही महागली. ट्रूमन घरी परतला तो २७ मार्च १९५२ रोजी. खर्च सुमारे ५७ लाखांवर गेला होता.

५४ चे ५७. जुन्या घराची दुरुस्ती ज्याने कधी काढली आहे त्याला हा आकडा वाचून हेवा वाटेल. पण त्यामागे काय होते ते पाहावे. वरची मर्यादा संसदेने बांधलेली, प्रत्येक मोठा निर्णय आयोगापुढे यायचा, आणि त्या आयोगात बांधकाम कळणारी दोन माणसे बसलेली. फर्निचर आणि सजावटीचे काम न्यूयॉर्कच्या बी. ऑल्टमन या दुकानाने नफा न घेता, पडत्या किमतीत केले. म्हणजे खर्च अधिक शून्य! दुकानाला त्यातून मिळालेली प्रसिद्धी अर्थातच कुठल्या बिलात लिहिलेली नव्हती.

७

युद्धकाळातली ती बंदी अमेरिकी सरकारने पुढे कायम ठेवली. आजही तिथल्या केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याला ‘खर्च अधिक खर्चाचे टक्के’ असा करार करता येत नाही. आणि त्याच देशात रोज हजारो गृहस्थ आपल्या स्वयंपाकघराच्या नूतनीकरणासाठी नेमक्या त्याच करारावर सही करतात. सरकारने स्वतःसाठी धोक्याचे ठरवलेले हत्यार नागरिकांच्या हाती तसेच राहिले.

तिथल्या घरदुरुस्तीच्या बिलांचा ढाचा मी पाहिला, तेव्हा लक्षात आले की शहाणे लोक टक्क्यापेक्षा ‘खर्च’ या शब्दाच्या व्याख्येवर अधिक वेळ घालवतात. वास्तुविशारदांच्या अमेरिकी संस्थेचे नमुना करार यासाठीच आहेत. काय खर्चात धरायचे : सामान, मजुरी आणि तिच्यावरचे विमा-कर, पोटकंत्राटदारांची बिले, यंत्रांचे भाडे, जागेवरचा मुकादम. काय धरायचे नाही : कंत्राटदाराच्या मुख्य कचेरीचे भाडे, तिथल्या कारकुनाचा पगार, स्वतःच्या चुकीने पाडून पुन्हा केलेले काम. हे सगळे मोबदल्यातून भागवायचे. दुकानदाराने दिलेली सूट मालकाच्या खात्यात. आणि हवे असेल तर वर एक कमाल मर्यादा : तिच्या पुढे गेले तर कंत्राटदाराने सोसायचे, तिच्या आत राहिले तर वाचलेले दोघांनी वाटून घ्यायचे. ट्रूमन समितीपुढे आलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. काटकसरीला दंड नाही, उलट वाटा.

आपल्याकडेही हे शहाणपण कागदावर आहे. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ‘खर्च अधिक’ करार एरवी टाळावेत, टाळता येत नसेल तर पूर्ण कारण नोंदवावे, असे सांगितले आहे. घरगुती कामांत मात्र सगळे तोंडी चालते. आणि मराठीत ‘टक्केवारी’ या शब्दाला आज जो वास आला आहे, तो पाहता नुसता टक्का उच्चारला तरी मनात संशयाची पाल चुकचुकते.

८

१९८१ कडे परत येतो. सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले ते पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये. पूर्णपणे उठायला १९८९ उजाडले. तेव्हा सिमेंटचा भाव आधी सांगणे कुणालाच शक्य नव्हते. उक्ते काम मागितले असते तर मिस्त्रीकाकांनी एक तर नाही म्हटले असते, नाही तर काळ्या बाजाराचा भाव धरून रक्कम सांगितली असती. ‘खर्च तुमचा’ हा भाग दोघांच्याही सोयीचा आणि त्या काळाला धरून होता. चुकले ते ‘वर दहा टक्के’ इथे. तिथे एखादा आकडा असता, तर बावीस पोत्यांमधून मिस्त्रीकाकांना काही मिळाले का, हा प्रश्नच उठला नसता. पावती नसलेली पोती तरीही पावतीविना राहिली असती, पण ती आणण्यात त्यांचा लाभ काय, याचे उत्तर एका शब्दात देता आले असते : काही नाही.

मी त्या वहीची सगळी पाने पुन्हा बेरजा करून तपासली. एक-दोन ठिकाणी चाराणे-आठाण्यांची चूक आहे, तीही आमच्या बाजूने. पण त्यावरून बावीस पोत्यांचा निकाल लागत नाही. वही प्रामाणिकपणा सिद्ध करू शकत नाही. फार तर त्याला जागा ठेवू शकते. दहा टक्क्यांनी ती जागा ठेवली नाही. अण्णांना मिस्त्रीकाकांवर विश्वास ठेवायचा होता, पण करार दर शनिवारी त्यांना संशय घ्यायला लावत होता.

यंदाच्या दुरुस्तीला आलेला कंत्राटदार तिशीतला आहे. मोबाइलवर हिशेब ठेवतो, सामानाच्या पावत्यांचे फोटो पाठवतो. त्यानेही पहिल्याच भेटीत विचारले, ‘काका, खर्च तुमचा, वर पंधरा टक्के, चालेल ना?’ मी म्हटले, अंदाज काढा, त्याचे पंधरा टक्के किती होतात तो आकडा आत्ता लिहा, आणि तेवढेच घ्या.

‘आणि खर्च वाढला तर?’

‘तरी तेवढेच.’

‘कमी झाला तर?’

‘तरी तेवढेच. आणि वाचले त्यातले निम्मे तुमचे. भिंतीत नवे काम निघाले तर अंदाज दोघांनी बसून बदलायचा, त्याच दिवशी.’

त्याने थोडा विचार केला. मग हसून म्हणाला, ‘म्हणजे पावत्यांची कटकट संपली.’

‘पावत्या लागतील,’ मी म्हणालो. ‘दर शनिवारी. चहा घेता घेता पाहू.’